युनियन बर्लिन या जर्मन फुटबॉल क्लबला ‘कामगारांचा क्लब’ का म्हणतात? चाहत्यांनी स्टेडियम स्वतःच्या हातांनी बांधलं हे खरं आहे का?

हो, खरं आहे. जून २००८ ते जुलै २००९ या काळात दोन हजारांहून जास्त माणसं बिनपगारी कामाला आली आणि सगळ्यांनी मिळून सुमारे १,४०,००० तास श्रमदान केलं. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग असा आहे की, क्लब आता बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वोच्च श्रेणीत, खेळतो, मग हे ‘कामगारांचं’ प्रकरण निव्वळ जाहिरातीपुरतं उरलंय का? त्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो. मी पूर्व बर्लिनमध्ये राहतो आणि याच क्लबचा चाहता आहे, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

क्लबचं मूळ ओबरशोनेवाइडे या वस्तीत आहे. शहराच्या आग्नेयेला, स्प्रे नदीच्या काठावर. १८९० च्या दशकात एमिल राथेनाऊ यांच्या एईजी कंपनीने इथे केबलचा प्रचंड कारखाना उभा केला. पाठोपाठ वीजकेंद्र, ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्या, मोटारी असे एकेक कारखाने येत गेले. नदीला लागून पिवळ्या विटांच्या कारखान्यांची रांग आणि रस्त्याच्या पलीकडे कामगारांच्या चाळवजा इमारती, अशी ती वस्ती. तिथल्या पोरांनी १७ जून १९०६ रोजी एफसी ऑलिम्पिया ओबरशोनेवाइडे नावाचा क्लब काढला आणि पुढे थोड्याच वर्षांत त्याला युनियन हे नाव मिळालं. संघाचा पोशाख पूर्ण निळा होता, कारखान्यातल्या डगल्यासारखा. त्यामुळे लोक त्यांना ‘श्लोसरयुंग्स’, म्हणजे फिटरची पोरं, म्हणायला लागले. ‘आयझर्न युनियन’, पोलादी युनियन, ही आरोळीही १९२० च्या दशकातली. आज स्टेडियममध्ये एका बाजूने ‘आयझर्न’ आणि दुसऱ्या बाजूने ‘युनियन’ असं घुमतं ती हीच.

१९२० मध्ये क्लब शेजारच्या कोपेनिक भागात, जंगलाच्या कडेला असलेल्या मैदानावर गेला. जवळ वनखात्याचं जुनं घर होतं, म्हणून मैदानाचं नाव आल्टे फोर्स्टेराय पडलं. ७ ऑगस्ट १९२० ला उद्घाटनाचा सामना झाला तो त्या वेळच्या जर्मन विजेत्या न्युर्नबर्गशी. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, ही फिटरची पोरं राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि हॅम्बुर्गकडून ३-० ने हरली. आजवर एवढ्या जवळ युनियन पुन्हा कधी गेलेला नाही.

यानंतरचा महत्त्वाचा प्रसंग १९५० चा. तो माहीत नसेल तर या क्लबबद्दलचं पुढचं काहीच नीट कळत नाही, असं मला वाटतं. महायुद्धानंतर शहराचे चार तुकडे झाले होते. ओबरशोनेवाइडे सोव्हिएत भागात आलं, तरी फुटबॉल अजून पूर्ण तुटला नव्हता. त्या हंगामात युनियन ओबरशोनेवाइडे जर्मन अजिंक्यपदासाठी पात्र ठरला आणि त्याचा सामना पश्चिमेतल्या कील शहरात, पुन्हा हॅम्बुर्गशीच लागला. पूर्वेकडच्या अधिकाऱ्यांनी जायला परवानगी नाकारली. तेव्हा बर्लिनची भिंत नव्हती, शहरातल्या शहरात माणूस इकडून तिकडे जाऊ शकत होता. संघातले बहुतेक खेळाडू पश्चिम बर्लिनमध्ये निघून गेले, तिथून कीलला पोचले, सामना खेळले आणि ७-० ने हरले. मग ते परतले नाहीत. त्यांनी पश्चिमेत युनियन ०६ नावाचा क्लब काढला. सुरुवातीला त्याला मोठी गर्दी व्हायची, कारण पूर्वेकडचे जुने चाहतेही रेल्वेने सामन्याला जायचे. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली आणि तेही बंद झालं.

म्हणजे खेळाडू गेले, नाव गेलं, वस्ती आणि मैदान तेवढं राहिलं. मागे उरलेल्या संघाला दर काही वर्षांनी नवं नाव मिळत गेलं: मोटोर ओबरशोनेवाइडे, एससी मोटोर बर्लिन, टीएससी ओबरशोनेवाइडे, टीएससी बर्लिन. सरकारी फर्मानाने नाव बदलायचं आणि लोकांनी मात्र घरी ‘युनियन’च म्हणायचं, असं पंधरा वर्षं चाललं. अखेर २० जानेवारी १९६६ ला आजचा १. एफसी युनियन बर्लिन स्थापन झाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. युनियन हा पूर्व जर्मनीतला सरकारविरोधी लोकांचा क्लब होता असं तुम्ही बऱ्याच ठिकाणी वाचाल. ते अर्धंच खरं आहे. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीत फुटबॉलची फेररचना झाली. पूर्व बर्लिनमध्ये लष्कराचा फोरवेर्ट्स आणि पोलीस व गुप्तहेर खात्याच्या छत्राखालचा डायनामो असे दोन क्लब होते. सामान्य नोकरदार-कामगारांसाठीही एक क्लब असावा, असा आग्रह धरणाऱ्यांत सरकारमान्य कामगार महासंघाचे प्रमुख हर्बर्ट वार्नके होते. म्हणजे हा क्लबही व्यवस्थेच्या आतच जन्मला, व्यवस्थेच्याच पैशावर चालला. त्याला बंडखोर क्लब म्हणणं मला पटत नाही. पण वाट्याला येणारी वागणूक सारखी नव्हती. बीएफसी डायनामोच्या मागे श्टाझी या गुप्तहेर खात्याचा प्रमुख एरिश मील्के स्वतः उभा होता. चांगले खेळाडू तिकडे वळवले जायचे, पंचांचे निर्णय तिकडे झुकतात अशी ओरड देशभर असायची आणि १९७९ ते १९८८ अशी सलग दहा विजेतेपदं डायनामोने घेतली. युनियन तेव्हा वरच्या आणि खालच्या श्रेणीत ये-जा करत होता. तरी माणसं यायची. डायनामोला न जाता युनियनला जाणं, एवढाच अनेकांचा विरोध असायचा. फ्री किकच्या वेळी समोरचे खेळाडू भिंत करून उभे राहिले की स्टँडमधून घोषणा व्हायची, ‘भिंत हटलीच पाहिजे!’ कोणाला पकडणार? खेळाबद्दलच तर बोलत होते!

त्या काळातलं एकमेव मोठं यश म्हणजे १९६८ चा पूर्व जर्मन चषक. हाले शहरात झालेल्या अंतिम सामन्यात युनियनने कार्ल झाइस येनाला २-१ असं हरवलं. चषकविजेता म्हणून युरोपात खेळायची संधी मिळाली. पण त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, युरोपीय फुटबॉल महासंघाने पूर्व आणि पश्चिमेचे संघ वेगळे करून सामने नव्याने ठरवले, त्याच्या निषेधार्थ पूर्वेकडच्या देशांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं आणि युनियन घरीच राहिला. पुढच्या हंगामात तर संघ खालच्या श्रेणीत घसरला.

भिंत पडल्यावर सगळं चांगलं व्हायला हवं होतं. सुरुवात तशी झालीही. २७ जानेवारी १९९० ला ऑलिंपिक स्टेडियमवर पश्चिमेचा हेर्था आणि पूर्वेचा युनियन यांचा मैत्रीचा सामना झाला. पन्नास हजारांवर लोक आले, दोन्हीकडचे चाहते गळ्यात गळे घालून होते. (आज या दोन क्लबांमधून विस्तव जात नाही, तो भाग वेगळा.) पण वस्तीचं काय झालं ते पाहा. ओबरशोनेवाइडे आणि आसपासच्या कारखान्यांत पूर्व जर्मन काळात सुमारे २५,००० माणसं कामाला होती. एकीकरणानंतर दोन-चार वर्षांत एकेका कारखान्याला टाळं लागलं. ज्यांनी मुंबईतलं गिरणगाव पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. केबल कारखान्याच्या इमारतींत आता तंत्रविद्यापीठाची मुलं शिकतात. जिथे सगळी वस्तीच रोजगाराला मुकली, तिथल्या क्लबला पैसे कोण देणार?

१९९० चं दशक क्लबने अक्षरशः दिवाळखोरीच्या कडेवर काढलं. १९९३ मध्ये मैदानावर बढती मिळवूनही वरच्या श्रेणीत खेळायचा परवाना नाकारला गेला, कारण कागदपत्रांतली बँकेची हमी बनावट निघाली. १९९४ मध्ये कर्जापायी पुन्हा नकार. क्लबच्या चालकांच्या बाजूने बोलण्यासारखं या काळात फारसं काही नाही. १९९७ मध्ये चाहत्यांनी क्लब वाचवण्यासाठी ब्रांडेनबुर्ग दरवाज्यातून मोर्चा काढला. नंतर चित्रपट व्यवसायातले मिषाएल कोल्मेल यांनी पैसा घातला आणि गाडी थोडी रुळावर आली. इतकी की २००१ मध्ये तिसऱ्या श्रेणीतला हा संघ जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. शाल्केकडून २-० ने हरला, पण शाल्के चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेसाठी, आधीच पात्र असल्यामुळे चषकविजेत्याची युएफा चषकातली, म्हणजे त्याखालच्या युरोपीय स्पर्धेतली, जागा युनियनला मिळाली. १९६८ मध्ये हुकलेलं युरोप ३३ वर्षांनी असं मिळालं.

ते फार टिकलं नाही. २००४ मध्ये संघ पुन्हा तिसऱ्या श्रेणीत आला आणि परवान्यासाठी जर्मन फुटबॉल महासंघाने १४ लाख ६० हजार युरोंची हमी मागितली. तिजोरीत खडखडाट. तेव्हा ‘युनियनसाठी रक्त सांडा’ ही मोहीम निघाली, आणि ती शब्दशः घ्यायची होती. बर्लिनमध्ये रक्तदात्याला थोडे पैसे मिळतात. चाहत्यांनी रक्त दिलं आणि ते पैसे क्लबला दिले. अर्थात सगळी रक्कम रक्तातून उभी राहिली नाही, देणग्या, वस्तूंची विक्री, मदतीचे सामने असं बरंच काही होतं. पण ज्याच्या खिशात काहीच नाही त्यालाही देता येईल असं काहीतरी मोहिमेत होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परवाना मिळाला. त्याच वर्षी डिर्क झिंगलर अध्यक्ष झाले, लहानपणापासूनचे चाहते.

संघ मात्र पुढच्याच वर्षी चौथ्या श्रेणीत कोसळला. तिथे जुना वैरी डायनामो भेटला. २१ ऑगस्ट २००५ ला युनियनने त्याला ८-० ने हरवलं. वयस्कर चाहते हा आकडा अजूनही पाढ्यातल्या उत्तरासारखा सांगतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

आल्टे फोर्स्टेरायची अवस्था २००० नंतर फार वाईट झाली होती. उभं राहायच्या पायऱ्यांचं काँक्रीट फुटलेलं, फटींतून गवत, वर छप्पर नाही. महासंघ दरवर्षी ‘शेवटची सवलत’ म्हणून परवानगी देत होता. शहर प्रशासनाशी चर्चा वर्षानुवर्षं रेंगाळल्या. कंत्राटदाराला पूर्ण काम देण्याइतका पैसा क्लबकडे नव्हता. मग क्लबने ठरवलं की साहित्य आणि यंत्रसामग्री आपण आणायची, देखरेखीला जाणकार ठेवायचे आणि अंगमेहनत सभासदांनी करायची.

आणि इथे त्या वस्तीचा इतिहास उपयोगी पडला. या चाहत्यांत वेल्डर होते, गवंडी होते, सुतार होते, क्रेन चालवणारे होते, कारखान्यातून बाहेर फेकलेले फिटर होते. कोणी रजा टाकून आलं, कोणी रात्रपाळी करून सकाळी थेट साइटवर, कोणी बेकार होता म्हणून रोजच. ज्यांना काही येत नव्हतं, त्यांनी राडारोडा उचलला, सळया वाहिल्या, गंज खरवडला, इतरांसाठी जेवण केलं. जुन्या पायऱ्या फोडून नव्या घातल्या, लोखंडी कठडे बसवले, तिन्ही बाजूंवर छप्पर चढलं. तो अख्खा हंगाम संघ प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या यान स्पोर्टपार्कमध्ये खेळला, जे वर्षानुवर्षं डायनामोचं मैदान होतं. परक्याच्या, तेही वैऱ्याच्या घरी राहून संघाने तिसरी श्रेणी जिंकली आणि इकडे घर बांधून झालं. ८ जुलै २००९ ला हेर्थाशी सामना खेळून नव्या स्टेडियमचं उद्घाटन झालं. युनियन ५-३ ने हरला, त्याचं त्या दिवशी कोणाला फारसं वाटलं नाही. बाहेर त्या मजुरी करणाऱ्या चाहत्यांचं स्मारक आहे, त्यावर त्यांची नावं आहेत. खेळाडूंचे पुतळे मी अनेक मैदानांबाहेर पाहिले, बांधकामावर राबलेल्या प्रेक्षकांचं स्मारक दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

२०११ मध्ये पुढची पायरी आली. स्टेडियमच्या मालकीची कंपनी करून तिचे शेअर प्रत्येकी ५०० युरोंना काढले, फक्त सभासद आणि प्रायोजकांसाठी. चार हजारांहून जास्त सभासदांनी ते घेतले आणि त्या बळावर मुख्य बैठकीचा स्टँड २०१३ मध्ये उभा राहिला. तो मात्र व्यावसायिक कंपनीने बांधला. त्याआधी, २००९ मध्ये, एका मोठ्या प्रायोजकाच्या वरच्या पदावरची व्यक्ती श्टाझीची जुनी कर्मचारी असल्याचं उघड झालं, तेव्हा क्लबने तो करार मोडला. करार सुमारे एक कोटी युरोंचा होता आणि क्लबला पैशांची नड होती. ज्यांना ‘कामगारांचा क्लब’ हा शिक्का जाहिरातीचा वाटतो, त्यांना मी आधी हे उदाहरण देतो.

२७ मे २०१९ ला श्टुटगार्टविरुद्धची पात्रता फेरी २-२ आणि ०-० अशी सुटली, आणि बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जातो या नियमाने युनियन इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलिगात गेला. १८ ऑगस्टचा पहिला सामना आरबी लाइपझिगशी होता. त्या दिवशी चाहते आपल्या गेलेल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले. वडील, आजोबा, मित्र, बायको. ज्यांनी चौथ्या श्रेणीतले सामने पावसात उभं राहून पाहिले, ज्यांनी काँक्रीट ओतलं, पण हा दिवस पाहायला जे राहिले नाहीत, असे. चारशेहून जास्त फोटो एकदम वर उचलले गेले. क्लबने प्रेक्षकसंख्या जाहीर करताना त्यांनाही मोजलं. त्यानंतर पहिली पंधरा मिनिटं संपूर्ण स्टेडियम मुद्दाम गप्प होतं, कारण लाइपझिग हा एका पेय कंपनीने उभा केलेला क्लब आणि युनियनच्या लोकांना ती पद्धत मान्य नाही. सामना ०-४ हरले. दोन आठवड्यांनी डोर्टमुंडला ३-१ हरवलं.

पुढची प्रगती कोणाच्या कल्पनेतही नव्हती. उर्स फिशर यांच्या प्रशिक्षणाखाली सातवा, पाचवा, मग चौथा क्रमांक आणि २०२३ मध्ये थेट चॅम्पियन्स लीग. पहिला सामना रेआल माद्रिदविरुद्ध त्यांच्या बेर्नाबेउ स्टेडियममध्ये, चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला बेलिंगहॅमचा गोल, ०-१. त्या स्पर्धेचे घरचे सामने मात्र आल्टे फोर्स्टेरायमध्ये झाले नाहीत. इथली क्षमता २२,०१२ आणि त्यात खुर्च्या अवघ्या ३,६१७. बाकी सगळे उभे. म्हणून ते सामने हेर्थाच्या ऑलिंपिक स्टेडियमवर नेले. तिथे तिप्पट माणसं बसू शकतात, सभासदांना तिकिटं मिळाली, हे मला मान्य आहे. तरी माझ्या मते ते चुकलं. जे स्टेडियम या माणसांनी बांधलं, तिथेच एकदा रात्री चॅम्पियन्स लीगचं ते संगीत वाजायला हवं होतं. त्याच हंगामात संघ लीगमध्ये इतका ढासळला की शेवटच्या दिवशी, अगदी शेवटच्या मिनिटांत फ्रायबुर्गला २-१ हरवून कसाबसा वाचला.

मग आज काय उरलंय? खेळाडूंचे पगार लाखोंत आहेत, वस्तीत भाडी वाढली आहेत, शेजारी उभा असलेला माणूस फिटर असण्यापेक्षा माझ्यासारखा संगणकावर काम करणारा परदेशी असण्याची शक्यता वाढते आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण व्यावसायिक संघ आजही सभासदांच्या नोंदणीकृत संस्थेचाच भाग आहे, कोणा मालकाचा नाही. उभं राहायचं तिकीट साध्या पगारातल्या माणसाला परवडतं. स्वतःच्या संघाला शिट्ट्या मारायच्या नाहीत आणि सामना संपायच्या आत निघायचं नाही, हे नवख्यालाही शेजारचा माणूस शांतपणे सांगतो. २००३ च्या २३ डिसेंबरला, संघ हरत असताना, ८९ चाहते गुपचूप मैदानात शिरून नाताळची गाणी गायले होते. आता त्या कार्यक्रमाला स्टेडियम भरतं. २०१४ च्या विश्वचषकाला लोकांनी घरातले सोफे आणून मैदानात मांडले आणि मोठ्या पडद्यावर सामने पाहिले. आपण बांधलेलं घर आहे म्हटल्यावर माणसं तिथे घरासारखीच वागणार.

तुम्ही बर्लिनला येणार असल्याचं लिहिलंय, म्हणून थोडं कामाचं. बुंडेसलिगाच्या सामन्यांची तिकिटं बहुतेक सभासदांतच संपतात, आयत्या वेळी मिळण्याची आशा ठेवू नका आणि काळ्या बाजारातून तर मुळीच घेऊ नका. महिला संघ २०२५ मध्ये वरच्या बुंडेसलिगात आला आणि तोही याच स्टेडियमवर खेळतो. त्यांची तिकिटं सहज मिळतात, वातावरणही उत्तम असतं. एस ३ लोकलने कोपेनिकला उतरा आणि गर्दीबरोबर चालत राहा, वाट झाडीतून जाते. जमलं तर आधी दोन तास ओबरशोनेवाइडेत विल्हेल्मिनेनहोफ रस्त्यावर घालवा. ते जुने कारखाने तिथे अजून उभे आहेत.